पंधरा मिनिटांचा पियानो, साडेतीन मिनिटांची भैरवी

कारंजा म्हटलं की लोकांना नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान आठवतं, जैन मंदिरांतली जुनी हस्तलिखितं आठवतात, फार तर मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरची ‘शकुंतला’ आठवते. पियानो कुणाला आठवणार नाही. माझं आयुष्य या गावात पेटी वाजवण्यात आणि शिकवण्यात गेलं, पण इथे कुणाच्या घरी पियानो माझ्या पाहण्यात नाही. तो आमच्याकडे आला गेल्या दिवाळीत, आणि तोही विजेवर चालणारा. मुलगा-सून पुण्याहून समृद्धी महामार्गाने आले तेव्हा गाडीची मागची सीट पाडून ८८ पट्ट्यांचं ते लांबलचक वाद्य आडवं ठेवलेलं होतं. नातीची स्पर्धा दीड महिन्यावर होती आणि तिला एक दिवसही सुट्टी परवडणार नव्हती.

स्पर्धेचा नियम साधा होता. एकूण वेळ १५ मिनिटं, किमान तीन कालखंडांतल्या रचना, स्वरलिपीचा कागद समोर न ठेवता वाजवायचं. वेळ संपली की घंटा होणार आणि जिथे असाल तिथे थांबायचं. तिने आणि तिच्या बाईंनी तीन रचना निवडल्या होत्या. बाखचा सी मायनरमधला प्रेल्यूड आणि फ्यूग, बेथोव्हेनच्या ‘पथेतीक’ सोनाटाचा पहिला भाग आणि शोपँचा ‘क्रांती’ या नावाने ओळखला जाणारा एत्यूद. ‘‘आबा, तुम्ही फक्त घड्याळ धरा,’’ ती म्हणाली.

मी मोबाइलवरचं घड्याळ सुरू केलं. बाख ३ मिनिटं ३५ सेकंद, बेथोव्हेन बरोबर ९ मिनिटं, शोपँ २ मिनिटं ५० सेकंद. दोन रचनांच्या मध्ये हात मांडीवर ठेवून श्वास घ्यायला वीस-वीस सेकंद. बेरीज १६ मिनिटं ५ सेकंद. शेवटच्या एत्यूदमधली एक मिनिटाहून जास्त धावपळ परीक्षकांना ऐकूच येणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने सगळं जलद वाजवलं. शेजारचे काका कुंपणावरून डोकावून म्हणाले, ‘‘काय जी, पोरीच्या मागं कोनी लागलं काय?’’ वेळ आली १५ मिनिटं १० सेकंद. फ्यूगमध्ये तीन स्वतंत्र ओळी एकमेकींशी बोलत असतात, त्या एकमेकींच्या अंगावर पडल्या. एवढं करूनही दहा सेकंद जास्तच.

मला हे ओळखीचं होतं. चाळीसएक वर्षांपूर्वी एका स्पर्धेत मी पेटीवर यमन वाजवला होता. वेळ आठ मिनिटं. मी विलंबित एकतालात गत सुरू केली, गुरुजींनी शिकवलेली बढत जमेल तेवढी घाईने उरकली, आणि द्रुत तीनतालाच्या दुसऱ्या आवर्तनात लाल दिवा लागला. ज्या द्रुतसाठी सहा महिने हात तयार केला होता, तो कुणी ऐकलाच नाही. तेव्हापासून मी सांगत आलो की घड्याळ आणि शास्त्रीय संगीत यांचं जमत नाही. नातीसमोर हेच वाक्य पुन्हा ओठांवर आलं, आणि ते खरं आहे का, हे पाहावंसं वाटलं. दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने मी जुन्या ध्वनिमुद्रिका, चरित्रं आणि स्पर्धांचा इतिहास यांत घालवले. हा लेख त्यातून झाला.

आवर्तनाचा हिशेब

आधी माझाच यमन मोजला. अतिविलंबित एकतालाचं एक आवर्तन बारा मात्रांचं, आणि एक मात्रा चार सेकंदांची धरली तर आवर्तनाला ४८ सेकंद लागतात. आठ मिनिटांत अशी दहा आवर्तनं बसतात. सुरुवातीची सुरावट, द्रुत गत आणि शेवटची तिहाई यांना निम्मा वेळ दिला तर विलंबिताला उरतात पाच. अस्थायीचा मुखडा, मध्य सप्तकातला थोडा विस्तार, तार षड्जाला एक भेट, एवढंच त्यात मावतं. मी तिथे अर्ध्या तासाची बढत बसवायला निघालो होतो. हा हिशेब तेव्हा कागदावर मांडला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. कुणी मांडला नाही, मीही नाही.

पण माझ्या आधीच्या पिढ्यांनी तो मांडला होता, आणि याहून कडक वेळेत मांडला होता.

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्याला आले आणि गौहरजान यांचं गाणं त्यांनी मुद्रित केलं. हिंदुस्थानी गायनाच्या ध्वनिमुद्रणाची ती सुरुवात. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन, फार तर साडेतीन मिनिटं मावत. वर दिलेल्या हिशेबाने विलंबित एकतालाची चार आवर्तनं. त्यामुळे बहुतेकांनी तबकडीसाठी विलंबित सोडून दिलं. मध्य किंवा द्रुत लयीतली बंदिश, ठुमरी, नाट्यपद, भजन यांची निवड होऊ लागली. महाराष्ट्रात खेड्यापाड्यांपर्यंत शास्त्रीय संगीत पोहोचलं ते या रूपात. आमच्याकडेही ज्याच्या घरी कर्णा असलेला फोनो, त्याच्या ओसरीवर संध्याकाळी गर्दी, असं वडील सांगत.

या तबकड्या ऐकताना माझं लक्ष एका गोष्टीकडे गेलं. काही गवयांची तीन मिनिटं दमछाक झाल्यासारखी ऐकू येतात. जेवढं येतं तेवढं सगळं त्यात कोंबलेलं असतं, तानांवर ताना. मिरजेचे अब्दुल करीम खाँ (१८७२ ते १९३७) यांची झिंझोटीतली ठुमरी मात्र लावून पाहा. तिथे घाई नाही. स्वर लागतो, थांबतो, त्याच्याभोवती थोडं फिरून गाणं पुढे सरकतं. मैफलीत याच रागात ते कितीतरी गात असतील. तबकडीवर त्यांनी बरंच सोडून दिलं, आणि जे ठेवलं त्याला पुरेसा अवकाश दिला.

दोनशे पदांपासून मोजक्या पदांपर्यंत

रंगभूमीवर हाच प्रश्न उलट्या बाजूने आला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं. पुढे पूर्ण झालेल्या त्या नाटकात दोनशेच्या आसपास पदं होती. १९११ साली ‘मानापमान’ आलं. त्याच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, म्हणजे एका पेटीवाल्याच्या, म्हणून आम्हा पेटीवाल्यांना त्याचा विशेष अभिमान. बालगंधर्वांच्या काळात पदाला ‘वन्स मोअर’ मिळत गेला, पद रंगत गेलं आणि नाटक पहाटेपर्यंत चालू लागलं. ऐकणाऱ्यांना ते हवं होतं. पण कथेचा धागा सुटायचा, आणि दुसऱ्या दिवशी ज्याला कामावर जायचं त्याला मध्येच उठावं लागायचं.

यावर ज्यांनी विचार केला त्यांत आमच्या वऱ्हाडातला एक माणूस होता. केशवराव भोळे १८९६ साली अमरावतीला जन्मले. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक मुंबईत केलं, त्याचं संगीत त्यांचं. पदं मोजकी, छोटी, प्रसंगाला धरून, आणि ज्योत्स्नाबाई भोळ्यांच्या गळ्यातून येणारी. पद संपलं की नाटक पुढे जात असे. पुढे ‘प्रभात’च्या चित्रपटांना संगीत देताना भोळ्यांनी पियानो, व्हायोलिन, हवाईयन गिटार ही वाद्यं वापरली. मराठी माणसाच्या कानावर पियानोचे स्वर सहजपणे पडले ते असे, चित्रपटगृहाच्या अंधारात. आणि चित्रपटातला संगीतकार तर सेकंदांवर काम करतो. दृश्य जेवढं लांब तेवढंच संगीत.

भोळ्यांनी रागसंगीत कमी प्रतीचं मानलं नव्हतं. त्यांनी गवयांवर मन लावून लिहिलं आहे. पण दोन तासांच्या मैफलीतलं गाणं आणि दोन मिनिटांचं नाट्यपद यांची बांधणी वेगळी असते, एकाचा तुकडा तोडून दुसरं होत नाही, हे त्यांनी करून दाखवलं.

यानंतर नभोवाणी आली. तिथे तर निवेदक ‘आता वेळ संपली’ म्हणण्याच्या आत सम गाठायची. पेटीचं दुःख इथे वेगळं होतं. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. पट्टीचा स्वर पक्का, त्यातून मींड निघत नाही, श्रुती निघत नाहीत, असा आक्षेप होता. १९७० च्या दशकात ती सैल होऊ लागली. म्हणजे माझ्या गुरुजींच्या उमेदीच्या वर्षांत पेटीला नभोवाणीवर पाच मिनिटंसुद्धा नव्हती. गायकांनी, सतारियांनी घड्याळाशी जुळवून घ्यायची जी विद्या नभोवाणीवर कमावली, ती आम्हा पेटीवाल्यांपर्यंत आलीच नाही. माझ्या लाल दिव्यामागे हेही एक कारण असावं.

पियानोवाल्यांचं घड्याळ

आता नातीच्या वाद्याकडे वळतो. पाश्चात्त्य संगीतात सगळं कागदावर लिहिलेलं, म्हणून तिथे वेळ पूर्वीपासून ठरलेली असणार, अशी माझी समजूत होती. ती अर्धीच खरी निघाली. एकोणिसाव्या शतकातले मोठे पियानोवादक रचना सुरू करण्याआधी आणि दोन रचनांच्या मध्ये आपल्या मनाने काही वाजवत. पुढच्या रचनेच्या स्वरात हळूहळू शिरायचं, वाद्य आणि दालन यांचा अंदाज घ्यायचा, श्रोत्यांना तयार करायचं. क्लारा शूमान (१८१९ ते १८९६) हे करीत. म्हणजे आपल्या आलापाचंच एक भावंड. विसाव्या शतकात विल्हेल्म बाकहाउससारख्या थोड्याच वादकांनी ती रीत टिकवली. छापील स्वरलिपीवरची निष्ठा, ध्वनिमुद्रिका आणि स्पर्धा यांच्या काळात ती मागे पडली. घड्याळापायी आलाप गमावल्याची खंत आपण एकट्यांनी करायचं कारण नाही.

स्पर्धांचा इतिहासही फार जुना नाही. रशियन पियानोवादक आंतोन रुबिनश्टाइन यांनी आपल्या नावाची स्पर्धा १८९० साली सेंट पीटर्सबर्गला सुरू केली. ती दर पाच वर्षांनी होई आणि फक्त तरुण पुरुषांसाठी होती. बाखचा फ्यूग, बेथोव्हेनचा सोनाटा, शोपँ, शूमान, लिस्ट अशी मागणी तिथे होती. वेगवेगळ्या काळांतल्या रचना मागायची आजची पद्धत तिथे आधीच दिसते. १९२७ च्या जानेवारीत वॉर्सात शोपँ स्पर्धा सुरू झाली. ती सुरू करणारे प्राध्यापक येझी झुराव्लेव्ह यांनी पाहिलं की पहिल्या महायुद्धानंतरची तरुण पिढी खेळांच्या सामन्यांमागे वेडी आहे, मग संगीतातही चुरस का आणू नये? पहिली स्पर्धा लेव्ह ओबोरिन या रशियन तरुणाने जिंकली. ब्रसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ स्पर्धेत तर अंतिम फेरीतल्या वादकांना आठवडाभर बाहेरच्या जगापासून दूर ठेवतात आणि कधीही न छापलेली नवी रचना तेवढ्या दिवसांत स्वतःच्या बळावर बसवायला लावतात.

अशा स्पर्धेची तयारी करणारा वादक कार्यक्रम कसा बांधतो, हे नातीकडून मला कळलं. पहिली रचना अशी हवी की थंड पडलेले हात आणि धडधडणारं काळीज तिच्यात स्थिरावेल. म्हणून बाख पहिला. सगळ्यात अवघड रचना शेवटी ठेवली तर थकवा येतो, फार आधी ठेवली तर नंतरचं फिकं वाटतं. प्रत्येक रचनेची वेळ एकदा मोजून चालत नाही. सकाळी, जेवणानंतर, अनोळखी वाद्यावर, लोकांसमोर, अशी दहा-बारा वेळा मोजायची आणि सर्वांत जास्त आलेली वेळ हिशेबात धरायची. व्यासपीठावर जलद भाग आपोआप जास्त जलद होतात आणि संथ भाग लांबतात, त्यामुळे दोन्हींची भरपाई होईल यावर विसंबायचं नाही. आणि एकूण वेळेच्या आत निदान अर्धा मिनिट मोकळं सोडायचं.

दोन टिंबांचा प्रश्न

हे सगळं करूनही तिचे १६ मिनिटं ५ सेकंद उरलेच होते. वाट होती ती बेथोव्हेनमध्ये. ‘पथेतीक’ सोनाटा १७९९ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्या भागात सुरुवातीला एक जड, संथ प्रस्तावना येते, मग जलद मांडणी, आणि मांडणीच्या शेवटी दोन उभ्या रेघा आणि दोन टिंबं. अर्थ असा की मागे जा आणि पुन्हा वाजवा. अगदी प्रस्तावनेपासून परतायचं की जलद भागापासून, यावर वादकांत आजही दुमत आहे. नात जलद भागापासून परतत होती. ती पुनरावृत्ती गाळली तर ९ मिनिटांची ७ मिनिटं ५ सेकंद होत होती आणि एकूण वेळ १४ मिनिटं १० सेकंदांवर येत होती. लय कुठेही न वाढवता.

तिच्या बाईंनी हे आधीच सुचवलं होतं. स्पर्धांमध्ये पुनरावृत्ती गाळणं रूढच आहे. पण पोरीला ते पटत नव्हतं. ‘‘बेथोव्हेनने लिहिलंय ना, आबा? मी कोण गाळणारी?’’

या प्रश्नाला उत्तर द्यायला मला यमनची गोष्ट सांगावी लागली. मी काहीच गाळलं नव्हतं. गुरुजींनी दिलेलं सगळं आठ मिनिटांत भरलं होतं, आणि म्हणून त्यातलं काहीच नीट पोचलं नाही. मग तिला अब्दुल करीम खाँची झिंझोटी ऐकवली आणि त्यानंतर सूरश्री केसरबाई केरकरांची भैरवी.

त्या भैरवीची वेळ ३ मिनिटं ३० सेकंद. गोव्यातल्या केरी गावी जन्मलेल्या केसरबाई ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत फार काटेकोर होत्या. त्यांची मुद्रणं मोजकीच आहेत. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर यानं सूर्यमालेच्या पलीकडे पाठवली तेव्हा त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी ठेवली. साऱ्या पृथ्वीच्या संगीतासाठी वेळ होती सुमारे ९० मिनिटं. कार्ल सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात २७ तुकडे बसवले. याहून कडक निवड कुणाला करावी लागली असेल? त्या तबकडीवर केसरबाईंची ही भैरवी आहे, आणि त्याच तबकडीवर ग्लेन गूल्ड या पियानोवादकाने वाजवलेला बाखचा एक प्रेल्यूड आणि फ्यूग आहे, ४ मिनिटं ४८ सेकंदांचा. व्हॉयेजर-१ आकाशात झेपावल्यावर अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, केसरबाई गेल्या.

नातीने भैरवी दोनदा ऐकली. ‘‘हिला कुठेच घाई नाही,’’ एवढंच म्हणाली. मग तिने विचारलं, बेथोव्हेनलाही कुणी असं तबकडीत बसवलं होतं का? होतं. आर्टुर श्नाबेल यांनी १९३२ ते १९३५ या वर्षांत बेथोव्हेनचे सर्व ३२ सोनाटा लंडनमध्ये मुद्रित केले. सगळे सोनाटा मुद्रित करणारे ते पहिले. तबकडीची बाजू संपली की एकाच भागाचाही तुकडा पडायचा. ऐकणाऱ्याने उठून तबकडी उलटायची आणि बेथोव्हेन पुन्हा सुरू व्हायचा. श्नाबेल यांनी बरीच वर्षं ध्वनिमुद्रणाला नकार दिला होता. शेवटी वाजवायला बसले तेव्हा त्या तुकड्यांतूनही त्यांनी रचना एकसंध ठेवली.

तिने त्या संध्याकाळी टिंबांवर पेन्सिलने रेघ मारली. मग एक नवी अडचण आली. मांडणी एकदाच ऐकू येणार, म्हणजे परीक्षकांच्या कानात ती पहिल्याच फेरीत बसली पाहिजे. त्यामुळे मांडणी आणखी स्पष्ट वाजवणं आलं. पुढचे आठ दिवस तिने फक्त तेवढ्यावर काम केलं. डाव्या हाताचा सततचा थरथराट खाली ठेवायचा, उजव्या हाताची ओळ वर काढायची. माझ्या कानाला पाश्चात्त्य संगीत फारसं कळत नाही, पण चौथ्या-पाचव्या दिवशी ती ओळ मी भाजी निवडताना गुणगुणत होतो.

निकाल

स्पर्धा डिसेंबरात झाली. मी गेलो नाही. सूनबाईंनी फोनवर वेळ सांगितली, १३ मिनिटं ५२ सेकंद. नंबर आला नाही. परीक्षकांच्या शेऱ्याचा कागद नातीने मला पाठवला. शोपँमध्ये पेडल जास्त दाबलं गेलं, बाखमधला मधला आवाज चांगला ऐकू आला, बेथोव्हेनची मांडणी समजून वाजवलेली, असं त्यात होतं. वेळेबद्दल एक अक्षर नव्हतं.

चाळीस वर्षं मी ज्या घड्याळाला दोष देत होतो, त्याच्याबद्दल आता माझी तक्रार थोडी मवाळ झाली आहे. पूर्ण गेलेली नाही. आठ मिनिटांत यमनाचं पुरतं दर्शन होत नाही, हे मी आजही म्हणेन. जी पोरं युवक महोत्सवांतून फक्त आठ-दहा मिनिटांचा राग तयार करतात आणि पुढे कधी तासभर वाजवतच नाहीत, त्यांची मला काळजी वाटते. तबकडीसाठी सोडून देणाऱ्या अब्दुल करीम खाँकडे सोडण्याइतकं होतं. पण माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी आता दोन गोष्टी वेगवेगळ्या शिकवतो. रविवारी सकाळी घड्याळ उलटं ठेवून, जेवढा जाईल तेवढा राग. आणि स्पर्धा जवळ आली की आधी कागद आणि पेन्सिल: इतकी मिनिटं, इतकी आवर्तनं, आणि काय सोडायचं त्याची यादी. यादी विद्यार्थ्याने स्वतः करायची.

उन्हाळ्यात नात पुन्हा आली. वाद्य ओसरीवर मांडलं, आणि तिने ‘पथेतीक’चा पहिला भाग वाजवला, टिंबांपाशी मागे जाऊन, पुनरावृत्तीसह. या खेपेला ती जलद भागावर थांबली नाही, थेट त्या जड, संथ प्रस्तावनेपासून परतली. किती मिनिटं लागली ते आम्ही मोजलं नाही. शेजारचे काका कुंपणापाशी शेवटपर्यंत उभे होते.